एका माणसाचा तंबू

१२ मार्च

दादा,

नमस्कार. वाकून करते आहे, पण गुडघ्यांमुळे अर्ध्यातच राहिला असं समज.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "हं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा बस आणि शेवटपर्यंत वाच.

मला तंबू घ्यायचा आहे. ऑगस्टच्या एकवीस, बावीस, तेवीस तारखेला एका मोठ्या माळावर संगीत महोत्सव आहे. तीन दिवस गाणं, चार मंच, हजारो माणसं, आणि राहायचं ज्याने त्याने आपापल्या तंबूत. माझं तिकीट काढून झालं आहे. जावं की जाऊ नये हा सल्ला मी मागत नाहीये, तो घरात फुकट आणि भरपूर मिळतो. चिरंजीव म्हणाले, "आई, हे काय वय आहे का चिखलात लोळायचं?" मी म्हटलं, लोळायला वय लागत नाही, जागा लागते. सूनबाई हसली, पण तोंड फिरवून.

हे खूळ कुठून आलं, असं तू विचारशील. एकोणतीस वर्षं मी त्या सभागृहात कोट-छत्र्यांच्या खिडकीवर उभी होते. लोकांनी कोट द्यायचा, मी पितळी बिल्ला द्यायचा. एक आकडा खुंटीवर, तोच आकडा त्यांच्या हातात. मग ते आत जाणार आणि ते गादी ठोकलेलं जाड दार बंद होणार. कार्यक्रम चालू असताना खिडकी सोडायची नाही, हा एक नियम. शेवटचा कोट जाईपर्यंत खिडकी बंद करायची नाही, हा दुसरा. एवढी मोठमोठी गाणारी माणसं माझ्यापासून तीस पावलांवर गाऊन गेली, आणि मला ऐकू काय आलं? ढोलाचा धडधडाट आणि टाळ्या. टाळ्या मात्र स्वच्छ. गाणं कसं झालं हे मी टाळ्यांवरून सांगायची, आणि कधी चुकले नाही. पण टाळ्या म्हणजे गाणं नव्हे ना रे.

आता निवृत्त होऊन वर्ष झालं. त्या माळाला दार नाही. मी चौकशी केली आहे.

परवा दुकानात जाऊन आले. विक्रेत्या बाईंनी एक तंबू दाखवला, तो हवेत फेकला की आपोआप उघडतो. दुसऱ्याला काड्या ओवायच्या असतात. तिसऱ्याला तर खिडक्या आणि ओसरी. माझं डोकं गरगरलं. एकच गोष्ट नक्की, फाटकापासून तंबूंच्या जागेपर्यंत दीड किलोमीटर चालत जायचं आणि सगळं सामान पाठीवर. तू पंचेचाळीस वर्षं तंबू शिवलेस. घरात वैद्य असताना मी औषध बाहेर कशाला विचारू? कुठला घेऊ ते सांग.

आणि एक विचारायचं होतं. तू स्वतः कधी तंबूत झोपला आहेस का?

तुझी,
छकू


२४ मार्च

छकू,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं, चष्मा बदलायला झाला.

मी असतो तर जवळपास एखादी खोली घेतली असती आणि दिवसा जाऊन गाणं ऐकलं असतं. पण तू विचारलं नाहीस, म्हणून आग्रह करत नाही.

फेकायचा तंबू घेऊ नकोस. उघडायला दोन सेकंद, मिटायला दोन जन्म. काड्यांचे तंबू वाऱ्यात झोपतात. खिडक्या म्हणजे शिवणी, आणि जितक्या शिवणी तितकी गळती. आमच्या कारखान्यात पद्धत होती, की ज्याने शिवला त्यानेच आत बसायचं आणि बाकीच्यांनी वरून बादल्या ओतायच्या. शिवणारा कोरडा बाहेर आला तर माल पास. मी हजारो वेळा आत बसलो आहे. झोपलो कधी नाही. गरज पडली नाही, मला घर आहे.

तू जाड कॅनव्हासचा, लोखंडी दांड्यांचा घे. दुकानात "छावणी" म्हणून मागितलास की देतील. तुझ्या वयाला तोच बरा, ऊन-वारा काही लागणार नाही. वजनाची चिंता करू नकोस, अशा ठिकाणी उचलायला माणसं असतात.

प्रकृतीला जप.

दादा


११ एप्रिल

उंटावरच्या शहाण्यास,

तुझी "छावणी" आली. दोन दणकट माणसांनी तीन मजले चढवून आणली आणि दारात टेकवून अशी बसली, की मी त्यांना आधी पाणी दिलं आणि मग सही. ते गेल्यावर मी ती उचलायला गेले. दादा, ती हललीसुद्धा नाही. पट्टा धरून ओढली तर चटई आली, छावणी नाही आली. शेवटी दांडे एकेक काढून वजनकाट्यावर ठेवले, मग कापड ठेवलं आणि बेरीज केली. एकतीस किलो. मी स्वतः सत्तेचाळीस! नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाकच दिसेना.

दुकानात फोन केला. त्या विक्रेत्या बाई बिचाऱ्या आधी हसू दाबत होत्या. म्हणाल्या, "काकू, हा आठ जणांचा आहे. हा गाडीतून नेतात, पाठीवरून नाही. तुम्हाला कुणी सुचवला?" मी म्हटलं, माझ्या भावाने, तो पंचेचाळीस वर्षं तंबूच शिवत होता. त्यांचं हसू थांबलं. मग हळूच म्हणाल्या, "मग त्यांना माहीत असणार." तू हे मुद्दाम केलं असशील, असं तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटलं होतं, म्हातारपणी तुझा अंदाज चुकला.

संध्याकाळी सूनबाईला विचारलं. तिने आधी टाळलं आणि मग सगळं सांगून टाकलं. माझं पत्र तुला पोचण्याआधीच चिरंजीवांचा तुला फोन गेला होता. "मामा, तुम्हीच काहीतरी करा, ती तुमचं ऐकते." आणि तू काहीतरी केलंस. नाही म्हणाला असतास तर मी भांडले असते. तुला ते नको होतं. मला दारातूनच उचलता येणार नाही असा तंबू द्यायचा, म्हणजे मीच दमून गप्प बसणार. तुझ्या विद्येचा असा उपयोग केलास? मी तुझ्याकडे विश्वासाने आले होते रे.

छावणी परत गेली. मी मात्र जाणार. चादरी शिवून जाईन, उघड्यावर झोपेन, पण जाणार.

आता एका प्रश्नाचं खरं उत्तर दे. माझ्या भल्यासाठी म्हणून तू मला याआधी कधी असं फसवलं आहेस का?

छकू


५ मे

छकू,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहिलं आणि फाडलं.

तंबूचं तू म्हणतेस ते खरं आहे. मी मुद्दाम सांगितलं. तुझा मुलगा घाबरला होता आणि मीही घाबरलो. पडलीस, हरवलीस, तर कोण बघणार? त्याला मी फसवणूक म्हटलं नाही, काळजी म्हटलं. तू फसवणूक म्हणतेस. तंबू तुझ्या दारात पडला होता, तेव्हा तुझंच म्हणणं धरायला हवं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे.

वडील गेले त्या वर्षीचं. तू अकराची होतीस, मी अठराचा. मला कारखान्यात लागून महिना झाला होता. फीला पैसे नव्हते म्हणून तुझा गाण्याचा क्लास बंद झाला होता. एका रविवारी तुझ्या गाण्याच्या बाई घरी आल्या. तू आणि आई बाहेर गेला होतात. मी दार उघडलं. बाई म्हणाल्या, फी नको, काही नको, पण या मुलीला पाठवा. असा गळा माझ्याकडे पुन्हा येणार नाही. हेच शब्द होते.

मी त्यांना आत घेतलं नाही. सांगितलं, तिलाच शिकायचं नाहीये. आईला मी हे कधी सांगितलं नाही, बाई पुन्हा फिरकल्याच नाहीत अशीच तिची शेवटपर्यंत समजूत राहिली.

त्याला मी बरीच वर्षं कारणं देत आलो. आईला घरात मदत हवी होती, लोक नावं ठेवतील, वगैरे. ती खरी नाहीत. माझी बोटं तेव्हा सुयांनी सोलवटली होती. माझी शाळा सुटली होती. माझ्यासाठी कुणी दारात आलं नव्हतं, आणि तुझ्यासाठी आलं. मला ते सहन झालं नाही. एवढंच आहे.

त्रेपन्न वर्षं झाली. माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

दादा


१८ जून

दादा,

सहा आठवडे मी तुला लिहिलं नाही. 

मला काय वाटत होतं ते तू ऐकून ठेव. मला वाटत होतं, फीचं निमित्त करून बाईंनी मला काढून टाकलं. माझा आवाज वाईट होता आणि तोंडावर सांगायला त्यांना जड गेलं, म्हणून त्या मला परत बोलवायला आल्या नाहीत. पुढे दोनदा त्या मला रस्त्यात दिसल्या आणि दोन्ही वेळा मी गल्लीत वळले. बाई तेव्हा काय समजल्या असतील? त्या तर आता नाहीतही, की जाऊन सांगावं.

मी गाते हे तुला माहीत आहे का? मोरीतला नळ सोडून गाते. पाण्याच्या आवाजात आपला आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. लग्नानंतरही, मुलगा झाल्यावरही. अंगाईसुद्धा मी त्याला पुटपुटून म्हटली. असा वाईट गळा लेकराच्या कानात कशाला, असं वाटायचं. आणि सभागृहात नोकरी धरली ती का? बाहेरून का होईना, गाण्याच्या जवळ उभं राहता येईल म्हणून. आता कळतं, की दार बंद करणारा माझ्या घरातच होता.

तू माफी मागितली नाहीस हे बरं केलंस. मागितली असतीस तर मी दिली नसती. बैल गेला आणि झोपा केला, असल्या माफीचं मी काय करू? मला माफी नको. मला तंबू हवा.

तो तू शिवायचास. तुझ्या हाताने, तुझ्या मशीनवर. ती मागच्या खोलीत कापडाखाली झाकून ठेवली आहेस, मला माहीत आहे. चार किलोच्या वर गेला तर परत पाठवीन. गळला तर परत पाठवीन. एकोणीस ऑगस्टनंतर आला तर घेणारच नाही. आणि तंबू एका माणसाचा हवा. माझा, एकटीचा.

मापं सोबत पाठवते आहे. उभ्याची नाहीत, आडव्याची आहेत. तंबूला झोपलेल्या माणसाचं माप लागतं, हे तूच मला लहानपणी सांगितलं होतंस. मी हॉलमध्ये फरशीवर सरळ झोपले आणि सूनबाईने टेपने घेतली. लांबी पाच फूट एक इंच, रुंदी कोपरांसकट दोन फूट. तेवढ्यात चिरंजीव ऑफिसातून आले. आई जमिनीवर डोळे मिटून आणि बायको वाकून टेप लावते आहे. त्यांची पिशवी गळून पडली. मी डोळे उघडून म्हटलं, "अजून आहे. पायांकडून धर." सूनबाई एवढी हसली की माप पुन्हा घ्यावं लागलं. मग त्याने खरंच पायांकडून टेप धरली. तोंड फुगवून, पण धरली.

मी जाणार आहे, दादा. तुझ्या तंबूत किंवा त्याच्याशिवाय.

छकू


४ ऑगस्ट

छकू,

पार्सल पाठवलं आहे. तीन किलो आठशे.

कापड हलकं आहे. असलं कापड मी कधी शिवलं नव्हतं, सुईखालून पळतं. दोन शिवणी उसवून पुन्हा घातल्या. दांडे अॅल्युमिनियमचे, चार, टोकांवर आकडे लिहिले आहेत, सारखा आकडा सारख्याला जोडायचा. खुंट्या चौदा, म्हणजे दोन जास्तीच्या. खुंटी तिरपी ठोकायची, डोकं तंबूपासून दूर. दोर सुतीच लावले आहेत, मला नायलॉनच्या गाठीवर भरवसा नाही. सुती दोर भिजला की आखडतो आणि खुंटी उपटतो. म्हणून पाऊस पडला की लगेच दोर सैल करायचे. हे विसरू नकोस.

मी अंगणात उभा करून आत बसलो. शेजाऱ्यांनी पाच बादल्या ओतल्या. तीन पुरे होत्या, पण त्यांना मजा आली. मी कोरडा होतो.

आत बसलो असताना तुझं पत्र परत वाचलं. नळाचं.

दादा


१० ऑगस्ट

दादा,

तंबू पोचला. गच्चीवर एकटीने उभा केला. पहिल्यांदा सत्तावन्न मिनिटं आणि एक बोट चेमटलं. दुसऱ्यांदा तीस. काल अकरा. सूनबाई घड्याळ धरून बसली होती. चिरंजीव जिन्यात उभे होते, "सहज" आले होते म्हणे.

शिवण पाहिली. दर टोकाला तीन उलटे टाके, तुझी जुनी सवय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तंबू छान झाला आहे, हे मी रागात असूनही लिहिते.

पण तुझं एक माप चुकलं आहे. मी रुंदी दोन फूट कळवली होती. तंबू चार फूट आठ इंच आहे. मी आत झोपले, पिशवी ठेवली, सूनबाईला शेजारी झोपवलं, तरी ती हात पसरू शकत होती. पंचेचाळीस वर्षांत तुझं माप अर्ध्या इंचाने चुकल्याचं मी ऐकलं नाही. एवढं चुकलं कसं, हे मी विचारत नाही. विचारलं तर तू काहीतरी कारण सांगशील, आणि कारणं मी आता पुष्कळ ऐकली.

सोबत दोन गोष्टी आहेत. एक, तिसऱ्या दिवसाचं तिकीट. दुसरी, पितळी बिल्ला, आकडा अठ्ठ्याऐंशी. सभागृह सोडताना ही जोडी मी मागून घेतली होती. हिच्यावरचा कोट न्यायला एकदा कुणी आलंच नव्हतं. मी रात्री दोन वाजेपर्यंत थांबले होते. तिथे हजारो तंबू एकसारखे असणार, तेव्हा माझ्या तंबूच्या दारावर याचा जोडीदार टांगलेला असेल. बिल्ला दाखवल्याशिवाय आत जागा मिळत नाही. आणि बिल्लेवाला येईपर्यंत खिडकी बंद होत नाही.

हे आमंत्रण आहे असं समजू नकोस. मी फक्त नियम सांगते आहे.

छकू


१५ ऑगस्ट

छकू,

बिल्ला मिळाला. मी येत नाही. माझी पाठ तुला माहीत आहे, आणि त्या गर्दीत मी काय करणार? रुंदी हात थरथरल्यामुळे चुकली.

पाऊस पडला की दोर सैल कर.

दादा


२३ ऑगस्ट, दुपारी साडेचार

दादा,

जागा झालास की हे वाच. कागद आतल्या चेनीला टाचणीने लावते आहे.

तीनच्या सरीत मी छोट्या मंचापाशी होते. सर ओसरली तशी दोर सैल करायला धावत आले, म्हणजे माझ्या गुडघ्यांनी धावता येतं तितकं. बघते तर सगळे दोर आधीच सैल केलेले आणि दोन खुंट्या नव्याने तिरप्या ठोकलेल्या. मला वाटलं, शेजारच्या मंडळींनी केलं असेल. मग आतून घोरणं ऐकू आलं. बूट दाराशी जोडीने लावलेले, मुठीत बिल्ला, आणि तू भिंतीला चिकटून, अगदी तुझ्या बाजूला. माझ्या दोन फुटांत तुझा हातसुद्धा नव्हता. एकाहत्तर वर्षांचा तंबूवाला पहिल्यांदा तंबूत झोपला आणि तोही भर दुपारी!

मी दहा मिनिटं बाहेर ओल्या गवतावर बसले आणि रडले. राग गेलेला नाही, हे सांगून ठेवते. तो बहुधा जाणारही नाही. पण तू आलास याचा मला आनंद झाला आणि तोही खरा आहे.

काल काय झालं ते ऐक. छोट्या मंचावर दुपारी तासभर, ज्याला वाटेल त्याने गावं असं होतं. मी नाव दिलं. नाव विचारल्यावर छकू नाही सांगितलं, पूर्ण सांगितलं, आडनावासकट. आणि गायले, दादा. बाईंनी शिकवलेलं शेवटचं, अर्धवट राहिलेलं. नळ नव्हता. आवाज दोनदा फाटला, एका ठिकाणी शब्द विसरले, तिथे नुसताच सूर लावला. मग टाळ्या आल्या. एकोणतीस वर्षं मी टाळ्या ऐकल्या आहेत. दयेच्या कशा असतात, सवयीच्या कशा असतात, घरी जायची घाई असलेल्या कशा असतात, हे मला झोपेतही कळतं. या तशा नव्हत्या. थोड्या होत्या, पण खऱ्या होत्या. बाई बरोबर सांगत होत्या. तू त्यांना दारातून परत पाठवलंस तेव्हा त्या बरोबर होत्या.

आता पाच वाजता मोठ्या मंचावर शेवटचा कार्यक्रम आहे. मी तुला उठवत नाहीये. जाऊ का, असं विचारतही नाहीये. पुढच्या वर्षी तुझं तिकीट तिन्ही दिवसांचं काढू आणि तूही चल. यंदा मात्र खिडकी तुझी.

माझा कोट, औषधांची डबी आणि चष्म्याची पेटी तुझ्या उशाशी ठेवली आहे. दारावरचा अठ्ठ्याऐंशीचा बिल्ला काढून मी माझ्या मुठीत घेतला आहे, तुझा तुझ्या मुठीत असू दे. कार्यक्रम चालू असताना खिडकी सोडायची नाही. शेवटचा कोट जाईपर्यंत बंद करायची नाही.

मी आत चालले.